दाबून पाहणं सगळ्यात शेवटी

संध्याकाळच्या ड्यूटीवरची ही केस नर्सिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगावीशी वाटते. सत्तरीचे आजोबा, सकाळी पाठीत भूल देऊन उजव्या बाजूच्या हर्नियाचं ऑपरेशन झालेलं. "पोट फुटतंय हो सिस्टर," म्हणत सारखी कूस बदलत होते. मुलगा पुन्हा वेदनाशामक मागत होता. चार्टवर नाडी ९२, श्वसन १८ आणि तीन ठिकाणी ‘लघवी झाली’. किती झाली, ते कुठेच नव्हतं.

सोबत दुसऱ्या वर्षाच्या दोन विद्यार्थिनी होत्या. ऑपरेशननंतर पेशंट अस्वस्थ असला की आधी ऑक्सिजन पाहायचा; तो ९७ टक्के होता. मग नाडी मोजताना धरलेलं मनगट न सोडता, नजर छातीवर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायला लावले. श्वास मोजतोय हे पेशंटला कळलं की लय बदलते, आणि १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर एका श्वासाची चूक चार श्वासांची होते. श्वसन २६ भरलं, नाडी १०८, बीपी १६८/९६. आत रक्तस्राव होत असेल तर नाडी वाढते आणि बीपी पुढे उतरत जातं. इथे दोन्ही चढलेले होते. बीपी चढलं म्हणून रक्तस्राव नाहीच असं मात्र धरायचं नाही. ड्रेसिंग कोरडं आहे, जखमेभोवती सूज नाही, एवढं पाहूनच पोटाकडे वळलो.

एका मुलीने हात थेट दुखऱ्या जागी नेला. तिला थांबवलं. छाती तपासताना बघणं, हात लावणं, ठोकणं, ऐकणं हा क्रम चालतो. पोटाला तो बदलावा लागतो: बघणं, ऐकणं, ठोकणं आणि दाबून पाहणं शेवटी. आधी दाबलं की आतड्यांचे आवाज बदलू शकतात, आणि दुखलं की पेशंट पोट आवळून धरतो. मग पुढचं काहीच नीट कळत नाही.

पडदा ओढला, आजोबांना उताणं झोपवलं, गुडघे थोडे वाकवून खाली उशी दिली. असं केल्याने पोटाचे स्नायू सैल पडतात. बेडच्या बाजूला वाकून, डोळे पोटाच्या पातळीला आणून पाहिलं, तर नाभीखाली मधोमध गोल फुगवटा. उभं राहून पाहताना तो जवळजवळ दिसत नव्हता. स्टेथोस्कोपचा डायफ्रॅम (सपाट चकती) तळहातावर गरम करून पोटाच्या उजव्या खालच्या भागात, ड्रेसिंगपासून दूर ठेवला. मिनिटाला ५ ते ३० आवाज सामान्य. इथे ते येत होते. पोट ‘शांत’ आहे असं लिहायचं असेल तर पाच मिनिटं ऐकल्याशिवाय लिहू नये.

खरं उत्तर ठोकण्यात मिळालं. ही पद्धत व्हिएन्नाच्या ऑएनब्रुगर या डॉक्टरने १७६१ मध्ये छातीसाठी मांडली, आणि मला ती आजही फार मोलाची वाटते. डाव्या हाताचं मधलं बोट पोटावर घट्ट टेकवायचं, बाकीची बोटं आणि तळवा उचललेला. ते टेकले की आवाज दबतो. उजव्या हाताचं मधलं बोट वाकवून त्याच्या टोकाने डाव्या बोटाच्या नखामागच्या सांध्यावर दोन टोले. जोर मनगटातून, कोपरातून नाही. टोला बसताच बोट उचलायचं. नखं वाढलेली असतील तर हे जमतच नाही.

नाभीच्या वरून मध्यरेषेत खाली यायला सांगितलं. वर पोकळ आवाज होता, नाभीच्या दोन बोटं खाली एकदम ठस, म्हणजे भरीव झाला आणि जघनास्थीपर्यंत (ओटीपोटाच्या तळाशी पुढे लागणाऱ्या हाडापर्यंत) ठसच राहिला. विद्यार्थिनीने स्वतःहून पुन्हा वर जाऊन ती सीमा पक्की केली. मग बोटांच्या सपाट भागाने, जेमतेम एक सेंटिमीटर दाबून पाहिलं: गुळगुळीत, गोल, ताणलेली कड, आणि आजोबा म्हणाले, "लघवीला लागल्यासारखं होतंय."

मूत्राशय तुडुंब भरलेलं होतं. भुलीने त्याची जाणीव आणि आकुंचन दोन्ही मंदावतं, सलाइन चालूच असतं, या वयात प्रोस्टेटही वाढलेलं असू शकतं. ‘झालेली’ लघवी म्हणजे भरून ओसंडलेले थेंब होते. डॉक्टरांना फोनवर ‘पोट दुखतंय’ एवढंच न सांगता फुगवटा कुठे, ठस आवाज कुठून कुठपर्यंत आणि आकडे काय, हे कळवलं. त्यांच्या ऑर्डरनुसार निर्जंतुक पद्धतीने कॅथेटर (लघवीची नळी) घातला. ९०० मिली लघवी निघाली. ती निघत असताना बीपी एकदम उतरतंय का, लघवीत रक्त येतंय का, यावर लक्ष ठेवलं. अर्ध्या तासात नाडी ८४ वर आली. वेदनाशामकाचा पुढचा डोस ठरल्या वेळीच दिला.

पुढे कॅथेटर काढल्यावर दर वेळची लघवी मोजपात्रात मोजायची, मिलीत लिहायची आणि लघवी झाल्यावर नाभीपासून खाली पुन्हा ठोकून पाहायचं, असं पुढच्या ड्यूटीच्या सिस्टरना सांगून चार्टवरही लिहून ठेवलं.