नागपूरहून थेट शारजा: रात्रीचं विमान, विंड टॉवर आणि सावजी मसाल्याची भानगड

नागपूरचा माणूस ऊन शोधायला परदेशात चालला म्हटलं की समोरचा आधी हसतोच. ऑफिसात पण तेच झालं, "मे महिन्यात गच्चीवर बस ना भौ, फुकटात दुबई." पण डिसेंबर-जानेवारीत इथं पारा आठ-नऊवर येतो तेव्हा आईचे गुडघे बोलायला लागतात, आणि पोट्ट्यांना समुद्र पाहायचा होता, आणि आपल्याकडून मुंबई धरा नाहीतर विशाखापट्टणम, रात्रभराचा प्रवास आहेच. मग म्हटलं एवढं जागायचंच आहे तर सरळ परदेशातच जाऊ.

आता नागपूरहून बाहेरदेशी थेट जायचं तर वर्षानुवर्षं दोनच नावं, शारजा नाहीतर दोहा. शारजाला माझा मावसभाऊ आहे, त्यामुळे प्रश्न मिटला. पण प्लॅनिंग इथं उलटं करावं लागतं बरं का, बाकी लोक आधी सुट्टी टाकतात आणि मग तिकीट बघतात, आपल्याला आधी फ्लाइटचे वार बघावे लागतात कारण ती रोज नसते, जायचा वार आणि यायचा वार जुळवा आणि मग साहेबासमोर अर्ज घेऊन उभे राहा. ट्रॅव्हलवाल्याने लगेच मुंबईमार्गे दुबई स्वस्त पडते म्हणून कागद पुढे केला. दिसायला स्वस्तच होती. पण नागपूर-मुंबईचं भाडं, तिथं एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर बॅगा ओढणं, मधले तास बसून काढणं, चहा-समोशाचे एअरपोर्टवाले भाव आणि सोबत आई, हे सगळं धरलं तर फरक उरतो थोडासाच, आणि त्यासाठी मी तरी असा वनवास घेणार नाही.

व्हिसा मात्र आधीच काढून ठेवा, तीस किंवा साठ दिवसांचा टुरिस्ट मिळतो, पासपोर्ट सहा महिने चालू पाहिजे. हॉटेल शारजात दुबईपेक्षा स्वस्त असतात, पण दोन्हीच्या मधल्या रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ अशी गाड्यांची रांग लागते की वर्धा रोडबद्दल परत कधी तक्रार करणार नाही. आणि हो, शारजात दारूबंदी आहे, हॉटेलातही मिळत नाही. हे ऐकून एक मित्र म्हणाला मग जाऊन काय करून राहिले बाप्पा तुम्ही!

खरी गंमत पॅकिंगची. मावसभावाने एकच फर्माईश केली होती, घरचा सावजी मसाला. आईने डबा भरून, वर प्लास्टिक, त्यावर रबरबँड, सगळं करून ठेवलेलं. मी म्हटलं आई हा जाणार नाही. "काहून रे, त्यात का बॉम्ब आहे का?" आता कसं सांगायचं, बॉम्ब नाही पण खसखस आहे, आणि खसखस अफूच्या झाडाचं बी म्हणून यूएईत चक्क बंदी असलेली वस्तू आहे, तिथं बॅगेत सापडली तर प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकतं. खसखशीशिवाय सावजी कसला, असं म्हणून तिने वाटीभर वेगळा मसाला बिनखसखशीचा करायला घेतला आणि त्यात सुकं खोबरं घालायला लागली, तर खोबरंही चेक-इन बॅगेत चालत नाही, तेल असतं त्यात, पेट घेऊ शकतं म्हणून. त्यावर ती जे बोलली ते इथं लिहीत नाही. शेवटी संत्रा बर्फीचे डबे गेले.

विमान पहाटेचं, म्हणजे मध्यरात्रीनंतर एअरपोर्ट. मेट्रोचं स्टेशन आहे पण त्या वेळेला मेट्रो झोपलेली असते, म्हणून भाऊजींनी कार काढली. सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, रात्रीची विमानं काही नवीन नाहीत म्हणा, 1949 मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास चारही बाजूंची विमानं मध्यरात्री नागपुरात येऊन टपालाच्या थैल्या बदलून परत जायची. मी हे रांगेत पोट्ट्यांना सांगत होतो, दोघंही उभ्या उभ्या पेंगत होते.

साधारण अडीच हजार किलोमीटर, चारेक तास, आणि तिथलं घड्याळ दीड तास मागे, त्यामुळे उतरलो तर अजून नीट उजाडलंही नव्हतं. हॉटेलची खोली दुपारी मिळते, तेव्हा पहिल्या दिवशी मावसभावासारखं कोणीतरी असलं तर बरं. दुपारी तापमान पंचवीसच्या आसपास, कोवळं ऊन, खाडीकाठी आईने स्वेटर काढला तो निघेपर्यंत घातला नाही.

पोट्ट्यांना क्रिकेट स्टेडियम बाहेरून दाखवलं, 22 एप्रिल 1998, वाळूचं वादळ, सचिनच्या 143, मी एकटाच भारावलो. मला आवडलं ते अल महट्टा म्युझियम. 1932 चं जुनं विमानतळ आहे ते, लंडनहून भारताकडे येणारी इम्पीरियल एअरवेजची विमानं इथं मुक्काम करायची, तेव्हाच्या धावपट्टीवर आता शहरातला मोठा रस्ता आहे. आपल्या सोनेगावसारखंच मधल्या थांब्याचं नशीब.

जुन्या शारजात घरांवर विंड टॉवर असतात, वरच्या उघड्या बाजूंनी वारा धरायचा आणि खाली खोलीत सोडायचा, वीज नसतानाची सोय. बहुतेक सगळे चौकोनी, एका घरावरचा मात्र गोल आहे. आई खाली उभी राहून बराच वेळ वर बघत होती. मग म्हणाली, "आपला कूलरच आहे हा, फक्त वाळ्याची ताटी लावायची राहिली." तिथल्या गाइडला हे इंग्रजीत समजावून सांगताना माझी दमछाक झाली, पण त्याला पटलं.

परतीचं विमान तिथून रात्री निघतं, म्हणजे शेवटचा दिवस पूर्ण हातात मिळतो, फक्त खोली दुपारी सोडावी लागते, बॅगा मावसभावाकडे टाकल्या. नागपुरात उतरता उतरता पहाट होते, तेव्हा दुसऱ्या दिवसाची रजा आधीच टाकून ठेवा. आमच्या ओळखीतला एक शूर गडी उतरून सरळ दहाला ऑफिसात गेला होता, साहेबांचं भाषण चालू असताना घोरला.