तुम्ही विचारलंत म्हणून : गावातच का राहता?

"पुण्यात राहिलात, नागपुरात राहिलात, संभाजीनगरलाही काही काळ काढलात. मग कोणत्या शहराची मध्यवस्ती राहायला चांगली? आणि नाशिकला परत आल्यावर गंगापूर रोड, इंदिरानगर सोडून तिवंध्याजवळ, जुन्या नाशकात, म्हणजे गावातच का घर केलंत?"

हे दोन प्रश्न मला बहुतेक जोडीनेच येतात. नातेवाईक विचारतात, ऑफिसात नवीन लागलेली मुलं विचारतात, आणि ज्यांची नाशिकला बदली होणार असते ते तर फोन करून विचारतात. दरवेळी घाईत काहीतरी अर्धवट सांगितलं जातं, म्हणून एकदा नीट लिहिते.

आधी निकाल सांगून टाकते. नुसती गजबज बघायची तर पुण्याला तोड नाही. पण गजबजही हवी आणि त्याच गल्लीत संसारही करायचाय, तर माझं मत नाशिकच्या जुन्या गावाला. हे मत आणखी किती वर्षं देता येईल याची मात्र मला काळजी आहे, कारण गावातली माणसं गाव सोडून चालली आहेत.

नव्या शहरात गेले की मी बाजारपेठेत रात्री साडेनऊ-दहाला एक चक्कर मारते. दुकानांची शटर खाली आल्यावर वरच्या मजल्यांवर दिवे दिसतात का, कुठे कुकरची शिट्टी ऐकू येते का, कुणी गॅलरीत उभं राहून खालच्याशी बोलतंय का, हे बघते. दिवसा गर्दी कुठेही होते. दुकानांच्या वर माणसं राहत असतील तर पहाटे दूधवाला येतो, सकाळी शाळेची रिक्षा येते, दुपारी वाळवणं पडतात आणि रात्री उशिरा एकटी बाई बिनघोर घरी पोहोचते.

पुण्यात मी सदाशिव पेठेत राहायचे. लक्ष्मी रस्ता, तुळशीबाग, अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं, १८८६ सालापासून उभी असलेली मंडई, सगळं पायी. नाटक सुटलं की चालत घरी. सप्टेंबर २०२४ मध्ये भुयारी मेट्रो थेट मंडईपर्यंत आली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. पेठांमध्ये बाहेरून येणाऱ्या माणसाला गाडी न आणता येता यावं, ही जुनी गरज होती. अलीकडे ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांसाठी बंद ठेवतात. पोरं रस्त्यात खेळतात, म्हातारी माणसं मधोमध चालतात. वर्षातून एकच दिवस का होईना, ते बघावं असं असतं.

पण पेठांत आता राहतं कोण? वाडे गेले, सोसायट्या आल्या, तळमजल्यावर पार्किंग आणि वर क्लास, अभ्यासिका, खानावळी, कॉट बेसिसवर दिलेल्या खोल्या. स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी सदाशिव-नारायण पेठ रात्री बारापर्यंत जागी ठेवली आहे, आणि त्यांच्या जागेपणाबद्दल मला आदर आहे. पण ही मुलं दोन-चार वर्षांची. शेजारच्या आजींना दवाखान्यात कोणी न्यायचं, हा प्रश्न त्यांच्या भरवशावर सुटत नाही. आणि भाडी अशी, की तरुण संसारी माणूस पेठेत घर बघायला सुरुवात करतो आणि धायरीला किंवा वाघोलीला जाऊन थांबतो.

नागपूरची गोष्ट वेगळी. तिथे मध्य म्हणावं अशा दोन जागा आहेत. एक सीताबर्डी. १८१७ च्या लढाईचा किल्ला माथ्यावर, खाली बर्डीची मेन रोड, आणि आता मेट्रोच्या दोन्ही मार्गिका एकमेकींना भेटतात ते स्थानक. संध्याकाळी बर्डीवर पाय ठेवायला जागा नसते, रात्री दहाला तोच रस्ता मोकळा पडतो. दुसरी जागा म्हणजे भोसल्यांचं जुनं नागपूर, महाल आणि इतवारी. तिथे दुकानांच्या वर आणि मागे कुटुंबं आहेत, आणि म्हणूनच पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे इडापिडा बाहेर घालवण्यासाठी काढतात ते मोठे पुतळे, निघते तेव्हा ती बघायला येणाऱ्यांइतकीच ती काढणारी माणसं त्याच वस्तीतली असतात. महालात मी राहिले ते दिवस मला प्रिय आहेत. फक्त मे महिन्यात दुपारी अकरा ते पाच रस्त्यावर चिटपाखरू नसतं, ते अंगवळणी पडायला वेळ लागला. आणि नागपूर ऐसपैस. धरमपेठ, सदर, गोकुळपेठ यांची आपापली बाजारपेठ आहे, त्यामुळे महालात एकदाही न जाता वर्ष काढणारे नागपूरकर मला कितीतरी भेटले.

संभाजीनगरबद्दल थोडक्यात. गुलमंडी, पैठण गेट, शहागंज हा पट्टा मला फार आवडतो, आणि रोज शहराच्या जुन्या वेशींच्या दरवाजांखालून जाण्याचं सुख दुसऱ्या कुठल्या शहरात मला मिळालेलं नाही. पण नळाला पाणी काही दिवसांआड. मलिक अंबरने नहरीचं, म्हणजे जमिनीखालच्या कालव्याचं, पाणी आणून वसवलेल्या शहरात वरच्या मजल्यावर हंडे चढवत राहणं किती काळ जमेल, हे प्रत्येक घर स्वतःशी ठरवतं आणि बरीच घरं बाहेर पडतात.

आता नाशिक. २०११ च्या जनगणनेत नाशिक महापालिकेची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती, नागपूरची २४ लाख, पुण्याची ३१ लाख. नाशिकचा आकडा लहान असण्याचा फायदा गावात राहणाऱ्याला रोज मिळतो. घरातून उतरलं की मेन रोड, पुढे रविवार कारंजा, उजवीडावीकडे सराफ बाजार, दहीपूल, भांडीबाजार, भद्रकाली. १८४० साली सुरू झालेलं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आमचं 'सावाना', चालत जाण्याच्या अंतरावर, त्याच्याच आवारात सायखेडकर नाट्यगृह, पलीकडे कालिदास कलामंदिर. संध्याकाळी पुस्तक बदलायला जायचं, येताना बुधा हलवायाची जिलबी घ्यायची, आणि वाटेत चार माणसांशी बोलून घरी यायचं. यासाठी गाडी काढावी लागत नाही, आणि ज्येष्ठ माणसांच्या आयुष्यात त्याने केवढा फरक पडतो हे मी माझ्या आईकडे बघून सांगते. कॉलेज रोडला राहणाऱ्या तिच्या मैत्रिणीला कोणी सोडायला-आणायला असेल तरच व्याख्यान ऐकता येतं. आई स्वतःची स्वतः जाते.

आणि मग गोदावरी. इतर शहरांच्या मध्यालाही नद्या आहेत. पुण्यात पेठांच्या कडेने मुठा जाते, नागपूरच्या पोटातून नाग नदी, संभाजीनगरला खाम. पण रोजच्या कामासाठी नदीवर उतरणारा माणूस त्या शहरांत विरळा. नाशिकला गाव नदीकडे उतरतंच. पहाटे रामकुंडावर देशभरातून आलेले यात्रेकरू, दिवसभर विधी, संध्याकाळी भाजी घेणाऱ्या बायका, बुधवारी आठवडे बाजार. मे महिन्यात यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला असते, तिला शंभर वर्षं होऊन गेली. रात्री नदीवरून वारा येतो, समोर माणूस राज्यकारभारावर किंवा शेतीवर बोलत असतो, आणि बाजूला यात्रेकरूंचा स्वयंपाक चाललेला असतो. तिकीट नाही, कुणी कुणाला अडवत नाही. शहराच्या ऐन मध्यावर इतकी मोठी मोकळी जागा, पैसे न देता बसता येईल अशी, मला अजून दुसरीकडे दिसलेली नाही. पाणी स्वच्छ आहे असं मी म्हणणार नाही. ते नाही, आणि ते व्हावं म्हणून ओरडत राहण्याचा पहिला हक्क आणि पहिली जबाबदारी आम्हा गावातल्यांची आहे.

रहाडींबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. आमच्याकडे धुळवडीपेक्षा रंगपंचमी मोठी. जुन्या गावात चौकाच्या जमिनीखाली पेशवेकाळापासूनचे रंगाचे हौद आहेत, त्यांना रहाड म्हणतात. वर्षभर त्या बुजवलेल्या असतात, वरून रिक्षा, हातगाड्या, मोटारसायकली जात राहतात, बाहेरच्या माणसाला पत्ताही लागत नाही. रंगपंचमी आली की चौक खोदून रहाड उघडतात, साफ करतात, रंग तयार करतात, पूजा होते, आणि मग धप्पा! पोरं वरून रंगात उड्या घेतात. तिवंधा, शनी चौक, दांडेकर-दीक्षितांची रहाड. प्रत्येकीचा रंग ठरलेला, पूजेचा मान ठरलेला. आता विचार करा, हे काम कंत्राटदार लावून होईल का? रहाड नेमकी कुठे आहे, किती खोल आहे, कोणत्या फळ्या आधी काढायच्या हे त्या चौकात वाढलेल्या माणसालाच माहीत असतं. ती माणसं बाहेरच्या नव्या वस्त्यांत, सिडकोत आणि पाथर्डी फाट्याला राहायला गेली, तर अजून काही वर्षं सणाला येतील. त्यांची मुलं येतील का?

जाण्याची कारणं मी रोज बघते आणि जाणाऱ्याला बोल लावू शकत नाही. वाड्यांत कूळ आणि मालक दोघंही अडकलेले. कुळाला भाडेकरू कायद्याचं संरक्षण, भाडं नाममात्र, म्हणून मालक खिळाही ठोकत नाही. मालकाचे वारस डझनभर, एकाची सही मिळाली तर दुसऱ्याची मिळत नाही. पावसाळ्यात जुन्या वाड्याची भिंत पडल्याची बातमी दरवर्षी येतेच. त्यात २००८ च्या महापुरानंतर नदीकाठच्या बांधकामाला बंधनं घालणाऱ्या निळी आणि लाल पूररेषा आखल्या गेल्या. ते आवश्यकच होतं, कारण नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या, म्हणजे आमच्या पूर मोजायच्या मूर्तीच्या, छातीला पाणी लागलं की सराफ बाजारात काय होतं ते आम्ही बघितलंय. पण रेषेत आलेल्या घरमालकाने पुढे करायचं काय, याचं उत्तर त्याला कुणी दिलं नाही. मग तो सोपी वाट धरतो. खालचं दुकान ठेवतो आणि वरची घरं व्यापाऱ्याला गोदाम म्हणून देतो. माझ्या मते आमच्या गावाचं सगळ्यात मोठं नुकसान हे आहे. माझ्याच गल्लीत जिथे वरच्या मजल्यांवर पूर्वी पडदे होते, तिथे आता खोक्यांच्या थप्प्या आहेत. रात्री तिथे दिवा लागत नाही.

१९८२ साली नाशिक, सातपूर, नाशिकरोड-देवळाली मिळून महापालिका झाली, त्यानंतर शहर चहूबाजूंनी पसरलं. पसरणं वाईट नव्हे; लोकांना घरं मिळाली. पण प्रत्येक मोठा खर्च नव्या भागाकडे बघून होत गेला. आता कुंभमेळा आलाय, घाटांवर आणि रस्त्यांवर मोठा पैसा लागणार आहे. त्यातला थोडा सराफ बाजाराखालून वाहणाऱ्या सरस्वती नाल्यावर, गल्ल्यांच्या ड्रेनेजवर आणि राहती घरं दुरुस्त करू इच्छिणाऱ्यांना परवानगी व कर्ज लवकर मिळवून देण्यावर लागावा, असं माझं स्पष्ट मत आहे. यात्रेकरू स्नान करून आपापल्या गावी जातील. घाट रोजच्या रोज जागता ठेवायला इथे राहणारी माणसं लागतील.

तेव्हा बदलीवर येणाऱ्यांना माझा सल्ला असा. गावात घर बघायचं असेल तर बघाच, पण पावसाळ्यात बघायला या. इमारत निळ्या रेषेच्या आत आहे की बाहेर हे आधी विचारा, मालकी एकाची आहे की वारसांची हे कागदावर बघा. गाडीला जागा मिळेल ही आशा ठेवू नका. गाडी लावायची सोय दुसरीकडे भाड्याने करावी लागेल. खालच्या दुकानदाराशी बोलून घ्या, पुढे तुमचं पार्सलही तोच घेणार आहे आणि घराची किल्लीही त्याच्याकडेच राहणार आहे. लहान मुलं असतील तर तिवंध्याच्या चढावरची घरं बघा, पुराचं पाणी तिथवर येत नाही आणि शाळा जवळ पडते. आमच्या गल्लीत दोन घरं सध्या रिकामी आहेत. मालक दोघंही सांगतायत की गोदामाला द्यायचं मन नाही, कुटुंब मिळालं तर भाडं थोडं कमी करू.