टीपीएलओ झाल्यावरही गुडघा हलतोय? आमच्या ब्रुनोचा अनुभव (नेरूळ)

आमचा ब्रुनो लॅब्रॅडोर, वजन ३४ किलो. मागच्या डाव्या पायाचं क्रुशिएट लिगामेंट (गुडघ्यातली दोन हाडं बांधून ठेवणारा पट्टा) तुटलं आणि सर्जनने टीपीएलओ केलं, म्हणजे गुडघ्याखालचं हाड कापून फिरवण्याचं ऑपरेशन. ऑपरेशनची माहिती खूप मिळते, पण नंतर गुडघा स्थिर झालाय की नाही हे कसं ओळखायचं ते कोणी नीट सांगत नाही, म्हणून लिहितेय.

सर्जन मुंबईत, दर वेळी तिकडे नेणं जमेना, म्हणून टाके काढायला जवळच्याच एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एका हातात मांडीचं हाड, दुसऱ्या हातात नळी म्हणजे गुडघ्याखालचं हाड धरलं, नळी हळूच पुढे सरकवली आणि म्हणाले, "अहो, हा तर अजून हलतोय." मला तर काही सुचेचना. एवढा खर्च केला तो केला, पण त्या मुक्या जीवाला एवढं सोसायला लावलं ते फुकट गेलं की काय, हेच डोक्यात. रिक्षात आई त्याच्या डोक्यावरून हात फिरवत बसली होती, आम्ही कोणीच बोललो नाही.

संध्याकाळी सर्जनना फोन लागला, त्यांनी शांतपणे समजावलं. टीपीएलओत तुटलेलं लिगामेंट जोडत नाहीत आणि नवीनही बसवत नाहीत. कुत्र्याच्या नळीच्या हाडाचा वरचा भाग मागे उतरता असतो, त्यामुळे लिगामेंट गेलं की वजन पडताच मांडीचं हाड त्या उतारावरून मागे घसरतं आणि नळी पुढे येते, उतारावर हँडब्रेक न लावता उभी केलेली गाडी जाते तसं. मग हाड गोलाकार कापून फिरवतात, प्लेट-स्क्रू लावतात आणि उतार साधारण ५ अंशांवर आणतात. ब्रुनोचा आधी २७ होता. पण लिगामेंट तर नाहीच, म्हणून हाताने सरकवलं तर नळी सरकणारच, त्याला ड्रॉवर टेस्ट म्हणतात आणि टीपीएलओनंतरही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. बघायचं असतं ते पाय टेकवल्यावर काय होतं ते. पुढच्या व्हिजिटला त्यांनी गुडघा स्थिर धरून फक्त पंजा वर वाकवला आणि माझं बोट नळीच्या पुढच्या बाजूला ठेवायला लावलं. नळी जागची हलली नाही. खरं सांगते, तिथेच डोळे भरून आले.

याच दुखण्यावर दोरा घालून करतात ते दुसरं ऑपरेशन, म्हणजे लॅटरल सुचर, त्याचं गणित वेगळं. तो दोरा कायमचा आधार नसतो, कालांतराने ढिला पडतो किंवा तुटतोही, तोपर्यंत सांध्याभोवती शरीर स्वतःच जाड टिश्यू तयार करतं आणि पुढचा भार त्यावर असतो.

बाकी सगळं काम स्नायूंचं. मांडीचे मागचे स्नायू नळीला मागे खेचून धरतात, आणि ब्रुनोची ती मांडी अगदी वाळून गेली होती. आम्ही शिंप्याच्या टेपने दोन्ही मांड्या एकाच जागी मोजून वहीत लिहायचो. आमची बिल्डिंग सिडकोची जुनी, लिफ्ट नाही, त्यात पावसाळा, म्हणजे जिने ओले. पोटाखालून टॉवेल घालून मी आणि बाबा त्याला उतरवायचो. घरभर गुळगुळीत लाद्या, त्यावर रबरी मॅट अंथरल्या, कारण पाय एकदा फाकला तर संपलंच. पट्ट्यावर हळू चालणं, मग बस-ऊठ. बसताना तो पाय बाहेर टाकायचा, नीट दुमडून बसायला लागला तेव्हा आईने त्याला लगेच उकडलेलं अंडं दिलं.

एक लक्षात घ्या, पाय टेकायला लागला म्हणजे हाड जुळलं असं नाही. साधारण ८ आठवड्यांनी एक्स-रे काढतात, तोपर्यंत सोफा, उड्या, बॉल सगळं बंद, तो कितीही केविलवाणा बघू दे. आणि दुखतंय म्हणून आपल्या घरातली आयबुप्रोफेन वगैरे अजिबात देऊ नका, कुत्र्यांना ती घातक असते.

छान चालणारा कुत्रा मध्येच लंगडायला लागला किंवा गुडघ्यातून टक् असा आवाज यायला लागला तर थांबू नका, मेनिस्कस म्हणजे आतली गादी फाटलेली असू शकते. दुसऱ्या पायाचं लिगामेंटही बऱ्याच कुत्र्यांचं पुढे जातं, त्यामुळे आम्ही ब्रुनोचं वजन उतरवतोय आणि तो पायही तपासून घेतो. आणि नवीन डॉक्टरांकडे जाताना ऑपरेशनची फाइल आणि एक्स-रे सोबत न्या, कोणतं ऑपरेशन झालंय ते आधी सांगा, मगच गुडघ्याला हात लावू द्या.