खडकवासल्याचा रविवार: एक सायकलवर, एक गाडीत

गेल्या रविवारी पहाटे साडेपाचला मी स्वारगेटहून सायकलने निघालो आणि सिंहगड रस्त्याने खडकवासल्याला पोहोचलो. आईला घेऊन दादा मागाहून गाडीने आला, त्यामुळे त्याच रस्त्याविषयी आम्हा दोघांच्या तक्रारी भजी खाताखाताच समोरासमोर आल्या.

राजाराम पुलापर्यंत रस्ता मोकळा होता. किरकटवाडी फाट्याशी मात्र एका गाडीने मला ओलांडले आणि लगेच डावीकडे वळण घेतले. ब्रेक वेळेत लागला म्हणून निभावले. वळण तोंडावर आले असेल, तर पुढच्या सायकलला ओलांडण्याऐवजी क्षणभर तिच्यामागे थांबावे. सायकलस्वारानेही फाट्याजवळ अगदी कडेला चिकटून राहू नये. कडेची खडी आणि उघडी झाकणे टाळताना अचानक उजवीकडे यावे लागते आणि मागच्या चालकाला ते अपेक्षित नसते. कडेपासून हातभर आत, सरळ रेषेत चालवणे अधिक सुरक्षित. दादाची तक्रार नेमकी हीच होती, की सायकलवाले कधी कुठे वळतील याचा नेम नसतो. आपल्यापैकी किती जण हात दाखवून वळतात, हे पाहता मला ती मान्य करावी लागली.

खरा धोका धरणापुढच्या चौपाटीवर आहे. कणसाच्या गाड्यांसमोर रस्त्याच्या डाव्या कडेला मोटारी रांगेने उभ्या असतात आणि चालकाचे दार रहदारीच्या बाजूला उघडते. माझ्यापुढच्या मुलाच्या हँडलपासून वीतभर अंतरावर असे एक दार उघडले. तो वाचला, पण मागच्या दुचाकीला करकचून ब्रेक लावावा लागला. उभ्या गाड्यांपासून निदान दाराच्या रुंदीइतके अंतर ठेवावे. गाडीतल्यांनी आधी आरसा पाहावा आणि उजवे दार डाव्या हाताने उघडावे, म्हणजे अंग आपोआप वळते आणि मागून येणारा दिसतो. दादाने तिथेच चार वेळा करून पाहिले. आईला हसू आवरेना.

थांब्याकडे वळणाऱ्या पीएमपीच्या, म्हणजे पुण्याच्या शहर बसच्या, डावीकडून घुसू नये, कारण प्रवासी त्याच बाजूला उतरतात.

परतताना सकाळचे ऊन समोरून येते आणि चालकांचे डोळे दिपतात. गडद कपडे टाळावेत आणि मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवावा. आठच्या आत परत फिरलात, तर गडावर जाणाऱ्यांची गर्दीही टळेल.