उजेड मोजून देताना: आमची वाटचाल

आफ्रिकन व्हायोलेट या घरात कुंडीत वाढवल्या जाणाऱ्या छोट्या फुलझाडासाठी दिवे बसवलेल्या मांडण्या तयार करणे, एवढेच काम आमचा छोटा व्यवसाय करतो. त्याची सुरुवात माझ्या घरातल्या एका कुंडीपासून झाली. त्या रोपाला पाने भरपूर होती. पण देठ लांबत चालले होते, पाने हात वर केल्यासारखी उभी राहत होती आणि कळीचा पत्ता नव्हता. मी माती बदलली, खत बदलले, पाण्याच्या वेळा बदलल्या. शेवटी अभ्यासाच्या टेबलावरच्या ट्यूबलाइटखाली ती कुंडी रोज बारा तास ठेवली, तेव्हा दोन-अडीच महिन्यांनी पानांच्या बेचक्यातून पहिल्या कळ्या डोकावल्या. ते पाहून ओळखीच्या दोघा-तिघांनी तशीच सोय करून मागितली. वायरिंगचे काम भावाने अंगावर घेतले आणि व्यवसाय उभा राहिला.

हे झाड सावलीतले आहे, हे सगळ्यांनी ऐकलेले असते आणि घोटाळा तिथेच होतो. बॅरन वॉल्टर फॉन सेंट पॉल-इलेर यांना १८९२ मध्ये ते आजच्या टांझानियातील उसांबरा डोंगरांत आढळले. पुढच्याच वर्षी हेरमान वेंडलांट यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन करून त्याला ‘सेंटपॉलिया’ हे नाव दिले. रानात ते झाडांच्या छायेत, शेवाळलेल्या खडकांच्या कपारीत वाढते. पण रानातली ती छाया आपल्या खोलीच्या कोपऱ्यापेक्षा कितीतरी उजळ असते. खिडकीपासून दोन-तीन पावले आत आले की उजेड झपाट्याने घटतो, मात्र आपली बाहुली लगेच मोठी होऊन ती घट भरून काढत असल्यामुळे आपल्याला ती जाणवत नाही. रोपाला अशी सवलत नसते.

आमच्या पहिल्या मांडण्यांत प्रत्येक फळीवर चार फुटी दोन ट्यूब, पानांपासून २५ ते ३० सेंटीमीटर उंचीवर असत. ट्यूबच्या टोकांकडे उजेड कमी पडतो, म्हणून गडद पानांच्या जाती मधोमध आणि फिकट हिरव्या पानांच्या जाती किंवा नवे रोप करण्यासाठी नुकतीच लावलेली पाने कडेला ठेवावीत, असे आम्ही सांगत असू. ट्यूब हळूहळू मंदावते, तीही डोळ्याला कळत नाही. म्हणून बसवल्याची तारीख तिच्यावरच लिहून ठेवायची आणि वर्षभराने ती बदलायची, असा आमचा आग्रह असे. दिवा लागत असताना बदलायचा कशाला, हा प्रश्न आम्ही पुष्कळदा ऐकला आणि प्रत्येक वेळी नव्या ट्यूबखाली तीच कुंडी धरून दाखवली.

एलईडी दिवे हाताशी आले तेव्हा मात्र चूक आमच्या हातून घडली. ट्यूब काढून आम्ही त्याच उंचीवर एलईडी पट्ट्या बसवल्या आणि तास तेवढेच ठेवले. काही आठवड्यांनी एका ग्राहकाने आणलेली कुंडी आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे: मधली कोवळी पाने मुठीसारखी आवळलेली, त्यांच्यावरची लव दाटून राखाडी दिसणारी, बाहेरची पाने फिकट, कडक आणि कुंडीच्या काठावर खाली वळलेली, आणि त्या गच्च मध्यात अडकून पडलेली एक कळी. मला आधी किडीचा संशय आला, पण भिंगातून काहीच सापडले नाही. दोष जास्तीच्या उजेडाचा होता. मग आम्ही ज्यांना ज्यांना त्या पट्ट्या दिल्या होत्या, त्या प्रत्येकाच्या घरी जाऊन दिवे वर उचलले, तास आठ-नऊवर आणले आणि जिथे उंची वाढवायला जागाच नव्हती तिथे उजेड मंद करण्याचे बटण स्वखर्चाने बसवले. नवी पाने मोकळी निघू लागली; जुनी बिघडलेली पाने मात्र पूर्ववत होत नाहीत, ती काढावीच लागली.

त्यानंतर अंदाज सोडून आम्ही मोजायला लागलो. लक्स हे माप माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने ठरलेले आहे, तर रोपाला उपयोगी पडणारा उजेड दर चौरस मीटरला दर सेकंदास किती मायक्रोमोल, असा मोजतात (मायक्रोमोल हे प्रकाशकणांच्या संख्येचे माप; दहा लाख मायक्रोमोल म्हणजे एक मोल). पानांच्या उंचीवर सुमारे १०० मायक्रोमोल उजेड बारा तास मिळाला, तर दिवसाची बेरीज ४.३ मोलच्या आसपास होते आणि बहुतेक जाती त्यावर चांगल्या फुलतात. पांढऱ्या एलईडीखाली हा आकडा साधारण ७,००० लक्सच्या जवळ जातो, त्यामुळे साधा लक्समीटर असला तरी काम भागते. लाल-निळ्या मिश्रणाचे जांभळे दिवे आम्ही बनवत नाही. झाडे त्यांच्याखाली वाढतात, पण पानाचा खरा रंग दिसत नाही, आणि रंगच दिसला नाही तर रोपाचे दुखणे ओळखणार कसे?

अंधाराचे महत्त्व आम्हाला उशिरा कळले. रोज किमान आठ तास दिवे बंद हवेत, म्हणून आता प्रत्येक मांडणीत टायमर असतोच; तो नको म्हणणाऱ्यालाही आम्ही देतो. खालच्या फळीच्या दिव्यांची ऊब वरच्या कुंड्यांना लागते आणि त्यांची माती लवकर सुकते, हे ध्यानात आल्यावर दिवा आणि वरची फळी यांत हवा खेळेल अशी फट ठेवायला लागलो.

दिव्याची उंची कमी-जास्त करता यावी म्हणून सध्या आम्ही साखळीवर टांगलेल्या पट्ट्या देतो. मांडणी पोहोचल्यानंतर महिन्याभराने ग्राहकाकडून त्याच रोपाची दोन छायाचित्रे मागवतो, एक वरून आणि एक अगदी बाजूने. वरच्यात मध्य आवळला आहे का ते पाहतो. बाजूच्यात देठ वर उठले आहेत की पाने आडवी पसरली आहेत ते पाहतो. त्यावरून साखळीच्या किती कड्या वर किंवा खाली घ्यायच्या, ते कळवतो.