पटावरचं नाव

मी तालुक्याच्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षिका आहे. दिव्यांग मुलांच्या घरी जाऊन शिकवायचं, शाळांशी बोलायचं, कागदपत्रं मार्गी लावायची, हे माझं काम. त्या दिवशीचा मुलगा मात्र आमच्या यादीत नव्हताच. केंद्रप्रमुख फोनवर म्हणाले, "चौथीतला आहे, ब्लड कॅन्सर. शाळेनं पालकांना पत्र दिलंय. जरा बघून या."

वडिलांनी ते पत्र रक्ताच्या रिपोर्टांच्या फायलीतच लावून ठेवलं होतं. पाल्य सतत गैरहजर आहे, आठ दिवसांत हजर न केल्यास नाव पटावरून कमी करून कायदेशीर कारवाई करण्यात येईल. नेहमीचा छापील मसुदा, फक्त नाव भरलेलं.

"मॅडम, केस होईल का हो आमच्यावर?"

ज्याच्या मुलाची केमो चालू आहे, त्या बापाला ही भीती!

शिक्षण हक्क कायदा, 2009. कलम 10 सांगतं की मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य. दाखल तर पहिलीतच केलंय. आणि हे कर्तव्य चुकलं म्हणून पालकाला दंड किंवा कैद, असं त्या कायद्यात कुठेच नाही. उलट कलम 16 नं हात बांधलेत ते शाळेचे: आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला काढून टाकता येत नाही. बेकायदा वागणूक होती ती पत्र पाठवणाऱ्याची.

घोडं अडलं ते घरी शिकवण्यापाशी. याच कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीनं गृहाधारित शिक्षणाचा पर्याय दिला, पण तो बहुविकलांग आणि तीव्र दिव्यांग मुलांना. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हे रक्ताचे आजार धरलेत, ल्युकेमिया म्हणजे ब्लड कॅन्सर नाही. उपचार दोन-तीन वर्षं चालणार, काउंट पडले, म्हणजे रक्तातल्या पेशी कमी झाल्या, की गर्दीत जाणं बंद, कांजिण्यासुद्धा जिवावर बेतू शकतात. तरी कागदोपत्री हा मुलगा नुसता 'आजारी'. हे भगदाड कुणीतरी बुजवायला हवं.

मुलगा मास्क लावून आतल्या खोलीत बसला होता. मनगटाजवळ चिकटपट्टीची काळपट खूण. चौकटीच्या वहीत त्यानं स्वतःच्या प्लेटलेट्सचा आलेख काढला होता. "दीड लाखाच्या खाली गेलं की कमी. हे बघा, अठ्ठ्याऐंशी हजार. आणि इथं रक्त चढवलं." मी मुद्दाम अंक उलटसुलट करून विचारले. एकही चुकला नाही.

मुख्याध्यापक काही दुष्ट माणूस नव्हते. "सलग महिनाभर आला नाही की शाळाबाह्यांत धरतात, मग उत्तरं मला द्यावी लागतात," म्हणाले. त्यांना कलम वाचून दाखवलं. डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि पालकांचा अर्ज जोडायचा, हजेरीपटावर कारणाचा शेरा मारायचा, वर्गशिक्षिकांनी स्वाध्याय पाठवायचे, मूल्यमापन घरी घ्यायचं, असं ठरलं. मी ते तिथेच लेखी घेतलं; तोंडी आश्वासनांची आमच्या खात्यातली गत मला ठाऊक आहे.

त्याच वस्तीत माझ्या यादीतली एक मुलगी राहते. तिच्याकडे जाताना अर्धा तास याच्याकडे थांबते. माझ्या दौऱ्याच्या नोंदीत हे घर दिसत नाही.

शाळेचं हे नवं लेखी पत्र मिळाल्यावर वडील जुनं फाडायला निघाले होते. म्हटलं, दोन्ही फायलीत राहू द्या. उद्या मुख्याध्यापक बदलले तर लागतील.