आमची वाटचाल : राणीबागेतली दोनशे पावलं

आम्ही दोघी जावा. मी बालवाडीत शिकवायचे, धाकटी जाऊ बॉटनीत एमएससी झालेली पण लग्नानंतर घरीच होती, आणि लालबागला राहत असल्यामुळे राणीबाग म्हणजे आमच्या पोरांची सुट्टीतली कायमची जागा. २०१७ ला तिथे पेंग्विन बघायला सुरुवात झाली आणि भायखळा स्टेशनपासून नुसती रांगच रांग, तेव्हाच आम्हाला सुचलं की बाबा एवढी माणसं इथे येतात आणि झाडांकडे कोणी मान वर करून बघत पण नाही. ही बाग १८६२ मध्ये लोकांसाठी उघडली ती मुळात झाडांची बाग म्हणून, प्राणी नंतर आले. मग ठरवलं, तीन ते सात वर्षांच्या मुलांना झाडं दाखवायची, फी घेऊन, नीट धंदा म्हणून.

पहिल्या बॅचला १८ मुलं घेतली, ही मोठी चूक. जाऊबाईंनी गोरखचिंचेखाली उभं राहून सुंदर माहिती सांगितली, हे झाड मूळचं आफ्रिकेचं, खोडात पाणी साठवतं, फुलं रात्री उमलतात आणि वटवाघळं येतात वगैरे, मी स्वतः ऐकत राहिले पण मुलं सगळी खाली बसून मुंगळे बघत होती. एक तर रडायलाच लागला, त्याला शू लागलेली. घरी येताना आम्ही दोघी एकमेकींशी बोललो नाही.

पण मुंगळ्यांनीच आम्हाला शिकवलं असं मी आजही म्हणते. लहान मुलाचे डोळे जमिनीपासून तीन फुटांवर असतात, त्याला झाडाचा शेंडा दिसतच नाही, त्याला दिसतं ते खाली पडलेलं. मग सगळं उलटं केलं. तास-दीड तासात फक्त दोनशे पावलं चालायचं, आणि नाव शेवटी सांगायचं, आधी हात लावायचा. गोरखचिंचेला आता आम्ही मिठी मारायला सांगतो, एकमेकांचे हात धरून, सात पोरं लागली तरी वेढा पुरा होत नाही मग आई-बाबांना ओढून आणतात. कैलाशपतीची फुलं फांदीच्या टोकाला येत नाहीत, सरळ खोडातून निघतात, म्हणजे नेमकी मुलांच्या उंचीवर, आणि आत पिंडीवर नागाने फणा धरल्यासारखं दिसतं ते आजी लोकांना दाखवावं लागत नाही, त्याच हात जोडतात. त्याचं फळ तोफगोळ्यासारखं जड असतं आणि फुटलं की अशी घाण येते की मुलं आनंदाने किंचाळतात. महोगनीची बी हवेत सोडली की भिंगरीसारखी फिरत खाली येते, ह्या एका बीवर अर्धा तास निघतो, खरंच. रतनगुंजेच्या लाल बिया दाखवून आधी सोनार ह्या बियांनी सोनं तोलायचे असं सांगितलं की बाबा लोक पण वाकून शोधायला लागतात.

तोडायचं काहीच नाही, आणि वेचलेलं सुद्धा बघून झालं की झाडाखाली परत ठेवायचं, हा नियम पहिल्या दिवसापासून आहे आणि त्यावर आम्ही पालकांशी वाद पण घातलाय.

पैशांचं म्हणाल तर पहिली दोन वर्षं बुधवारी बाग बंद असते म्हणून त्या दिवशी मी ट्युशन घ्यायचे, त्यावर भागवलं. एका शाळेने ६० मुलांचं बुकिंग केलं, आम्ही मदतीला चार मुली ठरवल्या, पिशव्या शिवून घेतल्या आणि आदल्या रात्री मेसेज, कॅन्सल. पिशव्यांचे पैसे गेलेच पण त्या मुलींना आम्ही ठरलेले पैसे दिले, जाऊ म्हणाली, ताई, शब्द दिलाय ना. तेव्हापासून निम्मे पैसे आधी घेतो आणि दहाच्या वर मुलं घेत नाही, कितीही मोठं गिऱ्हाईक असू दे.

मार्च २०२० ला बाग बंद, काम बंद. तेव्हा आम्ही व्हिडीओ वगैरे करून बघितले, नाही जमलं, बी हातात नसेल तर मुलं बघत नाहीत.

पुन्हा सुरू केलं तेव्हा आलेली मुलं वेगळी होती, दोन दोन वर्षं घरातच वाढलेली, मातीत पाय ठेवायला घाबरायची. एक चार वर्षांची पोर वर्षावृक्षाखाली आईच्या कडेवरून उतरेचना, आम्ही काही बोललो नाही, फक्त तिच्या हातात महोगनीची एक बी दिली. तिने ती वरून सोडली, फिरत फिरत खाली पडली, आणि ती आणायला ती स्वतः उतरली. आता तिचा धाकटा भाऊ येतो आमच्याकडे, ती पिशवी धरून पुढे चालते आणि कुठे मुंगळे दिसले की सगळ्यांना थांबवते, मावशी, थांबा थांबा!